पलीकडच्या खोलीतली लेक

बाबा शिंपी होते. त्यातही कोट शिवणारे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून वर येईपर्यंत त्यांनी त्याची छाती, कंबर आणि खांद्यांचा उतार नजरेनेच मोजलेला असायचा. टेप लावायचे ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्यांची मुलगी लहानपणी मशिनच्या खाली बसून डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत राहायची, म्हणून तिचं नाव बटण पडलं. मोठी होऊन ती समुद्रापलीकडच्या देशात गेली, ऐकू न येणाऱ्यांना कानाची यंत्रं बसवून द्यायचं काम करू लागली, पण घरात ती बटणच राहिली.

आई गेली तेव्हा बटणला वेळेवर पोचता आलं नाही. कागदपत्रं अडकली, तिकीट मिळेना, आणि मिळालं तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तिच्या थोरल्या भावाने, दादाने, बाबांसाठी एक टॅब आणला. बाबांचं मशिन तेव्हा बंदच असायचं. त्याच्या फळीवर टॅब उभा केला आणि समोर बाबांची खुर्ची ठेवली. इकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ व्हायची. बटण कामावर निघायच्या गडबडीत, अंगात निळा कोट, हातात टोस्ट, अशी स्वयंपाकघरात उभी राहून फोन लावायची. बाबा त्याआधीच तोंड धुऊन, केस विंचरून, सदरा बदलून बसलेले असायचे.

"काय खातेयस?"

"टोस्ट."

"कालही टोस्टच होता."

"कालचा संपला बाबा. हा आजचा."

हे रोजचं ठरलेलं होतं आणि रोज बाबा त्यावर हसायचे.

येत्या सुट्टीत येते, असं बटण दर वर्षी म्हणायची. कधी रजा मिळाली नाही, कधी तिथे राहायच्या परवान्याचं नूतनीकरण मध्ये आलं. पण खरं सांगायचं तर तिला तशी घाई वाटत नव्हती. रोज तर दिसतो की एकमेकांना, असं तिला वाटायचं. बाबांच्या कपाळावरची नवी सुरकुती तिला दादाच्या आधी दिसायची.

मग बाबा विसरायला लागले. आधी वस्तूंची नावं गेली. कात्रीला ते "ते कापायचं" म्हणू लागले. मग रस्ते गेले. एकदा ते आपल्या जुन्या दुकानापाशी सापडले. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं आणि बाबा त्या मालकाला समजावत होते की शटर उघड, गिऱ्हाइकाला कोट आजच द्यायचाय. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार उतरणीचा आहे, तुम्ही फक्त त्यांच्या कलाने घ्या.

तरी संध्याकाळी टॅब वाजला की बाबा झोपेतून जागे झाल्यासारखे व्हायचे. "बटण," अशी हाक मारायचे. टोस्टचं विचारायचे. एका रविवारी बटण भावाला म्हणाली, "मला तर ते व्यवस्थित ओळखतात, दादा. तुम्ही लोक जरा जास्त बोलत जा ना त्यांच्याशी."

दादा म्हणाला, "तुला ओळखणारच. तू त्यांना आंघोळीला चला म्हणत नाहीस. औषध घ्या म्हणत नाहीस. तू रोज येतेस, हसतेस आणि जातेस."

बटणने फोन ठेवला. दिवसभर तिचं कशातच लक्ष लागलं नाही. त्याच आठवड्यात तिने रजा टाकली आणि तिकीट काढलं. वहिनीने विचारलं, बाबांना सांगून ठेवू का? बटण म्हणाली, "नको. मला त्यांचा चेहरा बघायचाय."

ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. दार वहिनीने उघडलं. बाबा खिडकीशी बसले होते. टॅबवर दिसायचे त्याहून खूपच लहान झाले होते. मान, मनगटं, सगळंच. टॅबवर ती त्यांना खांद्यापर्यंतच बघत आली होती. खाली पायजम्यात गुडघ्यांच्या जागी नुसती दोन हाडं होती, ती तिला कधी दिसलीच नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं आणि अदबीने थोडं उठल्यासारखं केलं. "या. कोणाकडे आलात?"

बटण हसली. तिला वाटलं, थट्टा करतायत. "बाबा, मी."

"हो का. बसा ना. सूनबाई, पाहुण्यांना पाणी दे."

जवळच मशिनपाशी स्टूल होतं, त्यावर ती बसली. बाबा अस्वस्थ झाले. एकदा घड्याळाकडे, एकदा तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, जरा बाजूला होता का? इथे माझी मुलगी यायची वेळ झालीय."

तिच्या पाठीमागे टॅब होता.

"बाबा, मीच तुमची मुलगी. बटण." तिने त्यांचा हात धरला. तो त्यांनी हळूच सोडवून घेतला.

"हे बघा, तुम्ही कोण, कुठल्या, मला माहीत नाही. पण असली थट्टा बरी नव्हे. माझी मुलगी तिकडे असते." त्यांनी टॅबच्या काळ्या काचेकडे बोट दाखवलं.

बटणने मग एकेक आठवण काढली. मशिनखालचा डबा. तिने कात्री चालवून एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर फाडलं होतं आणि बाबांनी ते उंदरांवर ढकललं होतं. ती बोलत गेली तसा बाबांचा चेहरा उजळण्याऐवजी उतरत गेला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "सूनबाई, घरातलं तू कोणाकोणाला सांगतेस?"

वहिनी बटणला आत घेऊन गेली.

नेहमीची वेळ टळली. टॅब वाजला नाही. बाबा केस विंचरून, सदरा बदलून खुर्चीत बसून राहिले. जेवायला उठेनात. दादा कामावरून आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "आज तिचा फोन नाही. तिकडे एकटी असते हो. काही झालं तर कोण बघणार?"

दादा आतल्या खोलीत आला. बटण पलंगावर बसली होती. तिचा निळा कोट बॅगेवर पडलेला होता, तो त्याने उचलून तिच्या हातात दिला. "हा घाल आणि फोन लाव."

"इथून?"

"इथून. त्यांना तू कोटातच माहीत आहेस."

तिने कोट घातला. वहिनीने मागच्या कपाटावर पांढरी चादर टाकली. बाहेर टॅब वाजला आणि लगेच बाबांचा आवाज आला, भिंतीतूनही आणि फोनमधूनही. "बटण. अगं किती उशीर."

"झोप लागून गेली बाबा."

"तिकडे उजाडलं नाही का अजून? अंधार दिसतोय."

"ढग आलेत."

"आणि तुझा आवाज दोनदा येतोय. एक इथून, एक मागून."

आवाज हाच बटणचा धंदा होता. ती फोन तोंडाशी नेऊन हलक्या आवाजात बोलू लागली. बाबांनीही आवाज उतरवला. "ऐक, आपल्याकडे एक बाई आल्यात. सूनबाईच्या ओळखीतल्या असाव्यात. चांगल्या घरच्या वाटतात, पण मनाने जरा बिघडलेल्या आहेत. मला म्हणाल्या, मीच तुमची मुलगी."

"मग?"

"मग काय. मी बोलून गेलो जरा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं गं. तसं बोलायला नको होतं मी."

"त्यांना काही वाटलं नसेल बाबा," बटण म्हणाली.

तिची रजा तीन आठवड्यांची होती आणि ते दिवस तिने असेच काढले. दिवसभर ती त्या घरातली पाहुणी बाई. बाबा तिला अहो-जाहो करत. ती समोर आली की पाय जवळ घेत, सदरा सारखा करत. आंघोळीला, औषधाला ती हात लावू गेली तर संकोचून म्हणत, "तुम्ही कशाला, सूनबाई आहे ना." संध्याकाळ झाली की ती कोट घेऊन खाली जायची. आवाज दोनदा यायला नको म्हणून दोन मजले उतरून जिन्याच्या वळणावर थांबायची. तिथली भिंत पांढरी होती. शेजारच्या घरातले लोक भाजी घेऊन वर जाताना तिला बघायचे: ऐन उकाड्यात गळ्यापर्यंत कोट घातलेली बाई भिंतीला टेकून आज कुठला टोस्ट खाल्ला ते सांगतेय.

आणि बाबा तिला सगळं सांगायचे. त्या बाईंना चहा कमी साखरेचा लागतो. त्या बाई कपडे वाळत घालताना गुणगुणतात. "आणि एक सांगू? त्यांचा डावा खांदा जरा उतरता आहे. अगदी तुझ्यासारखा. त्यांना कोट शिवायचा तर डाव्या बाजूला आतून पट्टी घालावी लागेल."

"मग सांगा ना त्यांना तसं."

"छे. परक्या बाईला असं सांगतात का?"

एकदा दादा चहाचा कप घेऊन जिन्यावर आला. ती नुकतीच फोन ठेवून पायरीवर बसली होती, कोट मांडीवर. तोही बसला.

"तुला कोण म्हणून ओळखतात, दादा?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मास्तर म्हणतात. ज्यांच्या हाताखाली काम शिकले ना, ते मास्तर. रोज सकाळी विचारतात, मास्तर, आज कुठला कोट घेऊ? मी म्हणतो, आज सुट्टी."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मला बोलला नाहीस."

दादाने कप तिच्या बाजूला सरकवला. "काय बोलणार? तुला बघून इतके खूश होतात. म्हटलं, एकाला तरी मिळतंय ते मिळू दे."

बटणला आपलं रविवारचं बोलणं आठवलं. तिने चहा प्यायला. तो तिला हवा तसा कमी साखरेचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आपणहून तिच्याशी बोलायला आले. ती बाल्कनीत बसली होती. "तुमचे वडील आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"कुठे असतात?"

"लांब असतात. भेट होत नाही."

"भांडण आहे?"

"नाही हो. मीच फार दिवस गेले नाही. आता गेले तर ओळखत नाहीत."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "ओळखत नाहीत म्हणून काय झालं? तुम्ही ओळखता ना? जा त्यांच्याकडे. इथे आमच्याकडे दिवस का घालवताय?" हे त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की बटण उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना खरं-खोटं पटवायला जाऊ नका. बटणला ते माहीत होतं. पण जायचा दिवस जवळ आला तसा तिला धीर धरवेना. हे तोंड आणि ते तोंड एकच आहे, एवढंच त्यांना दिसायला हवं. एकदा दिसलं की पुरे, मग विसरले तरी चालतील. त्या संध्याकाळी तिने जिन्यावरून फोन लावला आणि बोलत बोलत पायऱ्या चढू लागली. "बाबा, मी येतेय हं. तुमच्याकडेच येतेय." बाबा हसत होते. "ये ना. कधी?" तिने दार ढकललं. फोन चेहऱ्यासमोर धरून, कोट घालून, ती त्यांच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली.

"ही बघा, आले."

ते शब्द खोलीत आणि टॅबमध्ये एकदम उमटले. मग फोन टॅबच्या इतका जवळ आल्यामुळे टॅबमधून एक कर्कश शिट्टी निघाली, वाढत गेली. बाबांनी टॅबकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे. तिचा कोट, तिचे हलणारे ओठ. त्यांनी दोन्ही हातांनी टॅब स्टँडवरून उचलला, छातीशी घट्ट धरला आणि खुर्चीत पाठ फिरवून, गुडघे वर घेऊन बसले.

"तिला काही करू नका," ते म्हणाले. "तुम्हाला काय पाहिजे ते न्या. तिला काही करू नका."

बटणने फोन बंद केला. शिट्टी थांबली. बाबांनी टॅब छातीपासून दूर करून पाहिला, काच काळी झालेली होती. "गेली," ते म्हणाले. "मास्तर, ती गेली." दादाने धावत येऊन त्यांना धरलं. वहिनीने बटणकडे पाहून फक्त मान हलवली, जा म्हणून. बटण दोन मजले उतरून वळणावर गेली, तोंड पुसलं, श्वास आवरला आणि परत फोन लावला.

"बाबा, नेट गेलं होतं."

"तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे."

"दार नीट लावत जा गं," बाबा म्हणाले. "कोणालाही आत घेऊ नको."

त्यानंतर उरलेले दिवस बाबांनी त्या बाईंकडे मान वर करून पाहिलं नाही. त्या खोलीत आल्या की ते टॅबवर हात ठेवत. बटण बहुतेक वेळ आतल्या खोलीत राहिली. निघायच्या सकाळी तिने दारातूनच म्हटलं, "येते मी." बाबांचा शिष्टाचार सुटला नव्हता. ते उठून उभे राहिले. "सांभाळून जा," म्हणाले, पण जवळ आले नाहीत. दादाने बॅग उचलली. खाली गाडीत बसल्यावर बटण म्हणाली, "मी तिकडे असलेलीच त्यांना बरी." दादाने नाही म्हटलं नाही.

फोन पुढे चालू राहिले. तीच वेळ, तोच कोट, पण आता तिच्या मागे खरी सकाळ असायची. बाबा कमी कमी बोलत गेले. टोस्टचं विचारणं बंद झालं, तेव्हा ती स्वतःच सांगू लागली. एका संध्याकाळी ते तिच्याकडे शांतपणे बघत बसले आणि मग मान वळवून म्हणाले, "सूनबाई, हा टीव्ही बंद कर. ही बाई सारखी बोलते."

वहिनीने टॅब उचलून स्वयंपाकघरात नेला. काचेत एकदम गॅस, भांडी आणि वहिनीचा चेहरा आला. "आज दमलेत गं ते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, खोटं नको सांगू."

वहिनीने गॅस बारीक केला. "गेल्या आठवड्यापासून असंच चाललंय. मीच आधी त्यांच्या कानात सांगायचे, बटण आहे म्हणून. आज सांगितलं नाही."

बटणने कामावर बिनपगारी रजा मागितली. कधी परत येणार ते सांगता आलं नाही, तेव्हा नोकरीच सोडली. ती पोचली तेव्हा बाबा अंथरुणावर होते. तिला बघून ते दचकले नाहीत, त्यांनी अहो-जाहोही केलं नाही. सुनेचे, मास्तरांचे, हिचे हात त्यांना आता सारखेच झाले होते. ती त्यांना पुसून काढायची, कूस बदलायची, नखं कापायची. लहानपणी कधी पाहिला नव्हता असा त्यांच्या पाठीवरचा एक काळा तीळ तिला सापडला. वहिनीला तो माहीत होता.

एका दुपारी ती त्यांची दाढी करत होती. बाबा तिच्या हाताकडे एकटक बघत होते.

"नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं. बऱ्याच दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.

तिने आपलं शाळेतलं, कागदोपत्री असलेलं नाव सांगितलं.

"चांगलं आहे. कोणी ठेवलं?"

"वडिलांनी."

बाबांनी डोळे मिटले. तिने उरलेला साबण टिपून घेतला. गालावर एका जागी पातं लागून लाल झालं होतं, तिथे बोट दाबून ती जरा वेळ तशीच बसून राहिली.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. गेले तेव्हा तिघंही जवळ होती. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. आठवडाभराने दादाने विचारलं, आता परत कधी जाणार? बटण म्हणाली, अजून ठरवलं नाही. संध्याकाळ होत आली होती. ती उठली, चहा टाकला, आणि तीन कपांत ओतून दोघांना हाक मारली.